बेथलेहेमची ज्येष्ठा : आन्ना निट्शमान
(भाषणाचा मजकूर)



दिंडी या शब्दाचा अर्थ महाराष्ट्रातील कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. टाळ-मृदंगाच्या साथीने अभंग गात चालणारा समुदाय म्हणजे दिंडी, हा तिचा पहिला अर्थ. परंतु पंढरीची वाट चाललेला माणूस जाणतो की, दिंडी ही नुसती गाणाऱ्यांची रांग नसते. तिला विणेकरी असतो, प्रमुख असतो, शिस्त असते. मुक्काम कोठे पडावयाचा, स्वयंपाक कोणी करावयाचा, आजारी पडलेल्याची काळजी कोणी वाहावयाची, हे सारे तेथे ठरलेले असते. गाणे हे तिचे बाह्य रूप आणि व्यवस्था हा तिचा कणा होय.

इंग्रजी व जर्मन भाषांत 'क्वायर' अथवा 'कोअर' असा जो शब्द आहे, त्याचीही एका पंथात अशीच दुहेरी गोष्ट झाली. एकत्र गाणारे मंडळ हा त्याचा सर्वसामान्य अर्थ. परंतु अठराव्या शतकातील मोरेव्हियन बंधुसंघात या शब्दाने एकत्र राहणारा, एकत्र श्रम करणारा आणि एकत्र प्रार्थना करणारा समवयस्कांचा गट ओळखला जाई. त्या संघातील अविवाहित भगिनींच्या गटाची पहिली नेती आणि अमेरिकेच्या अरण्यात बेथलेहेम या वसाहतीच्या पायाभरणीस हजर असलेली स्त्री म्हणजे आन्ना निट्शमान. नेतृत्वाचा भार तिच्यावर पडला, तेव्हा तिचे वय अवघे चौदा वर्षांचे होते.

निर्वासितांचे गाव

आन्नाचा जन्म २४ नोव्हेंबर १७१५ रोजी मोरेव्हिया प्रांतातील कुनेवाल्डे या खेड्यात झाला. आज हे खेडे कुनीन या नावाने झेक प्रजासत्ताकात आहे. हा प्रदेश त्या वेळी कॅथॉलिक हाब्सबुर्ग राजवटीखाली होता. पंधराव्या शतकात यान हुस याच्या शिकवणुकीतून उदयास आलेल्या जुन्या बंधुसंघाचे संस्कार निट्शमान कुटुंबाने घरात गुप्तपणे जपले होते. परधर्मी ठरलेल्यांना तुरुंग आणि देशत्याग यांवाचून तिसरा मार्ग नसे. आन्नाचे वडील डेव्हिड यांनाही कैद भोगावी लागली. अखेरीस १७२५ मध्ये हे कुटुंब घरदार सोडून सीमेपलीकडे सॅक्सनीत गेले.

तेथे काउंट निकोलाउस लुडविग फॉन झिंझेनडॉर्फ या तरुण सरदाराने आपल्या जहागिरीत निर्वासितांना आश्रय दिला होता. १७२२ मध्ये वसलेल्या या गावाचे नाव हर्नहूट. सुतार, विणकर, कुंभार, शेतमजूर अशी कष्टकरी माणसे तेथे जमली. मतभेद, भांडणे आणि उपासमार यांतून मार्ग काढीत १७२७ मध्ये त्यांनी गावाचे नियम लिहून काढले. एका अर्थी ती त्या गावाची सनदच होती. पुरुषांचा कारभार पाहण्यासाठी ज्येष्ठ नेमले जात, तसेच स्त्रियांचा कारभार पाहण्यासाठी ज्येष्ठा असावी, हा विचारही याच काळात दृढ झाला. स्त्रीच्या मनातील गोष्ट स्त्रीच जाणू शकते आणि स्त्रियांच्या आत्मिक व व्यावहारिक हिताची जबाबदारी स्त्रीनेच घ्यावी, ही त्यामागील भूमिका होती.

चिठ्ठीतून निघालेले नाव

या पंथात महत्त्वाचे निर्णय चिठ्ठी टाकून घेण्याची प्रथा होती. माणसाची बुद्धी पक्षपात करते, चिठ्ठीतून मात्र ईश्वराची इच्छा प्रकट होते, अशी त्यांची श्रद्धा होती. १७ मार्च १७३० रोजी मुख्य ज्येष्ठेच्या पदासाठी चिठ्ठी काढण्यात आली आणि तीत आन्नाचे नाव निघाले. ती एका गरीब निर्वासिताची मुलगी. चौदा वर्षे पूर्ण होऊन तिला चार महिनेही झालेले नव्हते. या निकालाने स्वतः झिंझेनडॉर्फ गोंधळून गेला आणि हे पद नाकारावे असे त्याने तिला सुचविले. परंतु ज्या इच्छेने हे काम दिले, तीच ते करण्याचे बळही देईल, अशा भावनेने तिने नम्रपणे पद स्वीकारले.

येथे क्षणभर थांबून विचार करावयास हवा. चिठ्ठीने पद दिले, हे खरे. परंतु चिठ्ठी मनुष्याला अधिकार देते, अधिकाराला लागणारी पात्रता देत नाही. ती कामातूनच सिद्ध करावी लागते. आन्नाने ती किती लवकर सिद्ध केली, हे पुढील सात आठवड्यांतच दिसून आले. ४ मे १७३० रोजी ती आणि इतर सतरा अविवाहित तरुणी एकत्र आल्या आणि त्यांनी परस्परांशी एक करार केला. विवाह हेच स्त्रीच्या आयुष्याचे एकमेव ध्येय न मानता सेवेला व श्रद्धेला आयुष्य वाहावयाचे, आणि विवाहाचा प्रश्न आला तर तोही याच कसोटीवर तपासावयाचा, असा त्याचा आशय होता. अविवाहित भगिनींच्या गटाचा उगम याच करारात आहे. पुढे ४ मे हा दिवस या भगिनींचा उत्सवदिन म्हणून पाळला जाऊ लागला.

वडील, पती किंवा मुलगा यांच्या आधारावाचून स्त्रीने जगणे हे त्या काळच्या युरोपात जवळजवळ अशक्य समजले जाई. अशा वेळी चरखा, माग आणि सुई यांच्या आधारे, एका छपराखाली, स्वतः निवडलेल्या शिस्तीने स्त्रिया राहू लागल्या, हा बदल लहान नव्हता.

अरण्यातील वस्ती

१७४० मध्ये आन्ना आपल्या वडिलांसह आणि काही सहकाऱ्यांसह अटलांटिक ओलांडून पेनसिल्व्हेनियास निघाली. हा प्रांत तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होता. डिसेंबर १७४० मध्ये ही मंडळी फिलाडेल्फियास पोहोचली. लीहाय नदी आणि मोनोकसी ओढा यांच्या संगमाजवळ ५०० एकर जमीन एप्रिल १७४१ मध्ये खरेदी करण्यात आली. झाडे तोडून ओंडक्यांचे पहिले घर उभे राहिले. त्याच्या एका भागात माणसे राहत, दुसऱ्या भागात गुरे बांधलेली असत.

१७४१ च्या अखेरीस झिंझेनडॉर्फ आपली तरुण कन्या बेनिग्ना हिच्यासह तेथे आला. २४ डिसेंबर १७४१ च्या रात्री, नाताळच्या पूर्वसंध्येस, त्या ओंडक्यांच्या घरात प्रार्थनासभा भरली होती. भिंतीपलीकडे गुरांची चाहूल होती. गाता गाता येशूच्या जन्मगावाचा उल्लेख असलेले एक गीत ओठी आले आणि त्यावरून वस्तीचे नाव बेथलेहेम ठेवण्यात आले. वसाहतींची नावे सहसा राजांवरून अथवा जहागिरदारांवरून पडत. येथे मात्र ते गाण्यातून पडले.

त्यानंतरचे वर्ष आन्नाच्या आयुष्यातील सर्वांत धकाधकीचे ठरले. ती जर्मन वसाहतवाल्यांच्या वस्त्यांतून फिरली, घरोघरच्या स्त्रियांशी बोलली. ४ मे १७४२ रोजी बेनिग्नाने जर्मनटाउन येथे २५ मुलींची शाळा सुरू केली. या कामी आन्नाचेही साहाय्य होते. त्या वेळी वसाहतीत मुलींच्या शिक्षणाची सोय नगण्य होती. ही शाळा काही काळाने बेथलेहेमला आली, वाढत गेली आणि तिची परंपरा आज तेथील मोरेव्हियन विद्यापीठात चालू आहे. ज्या तारखेस हर्नहूटमध्ये अठरा भगिनींनी करार केला, त्याच तारखेस बारा वर्षांनी ही शाळा उघडली, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

डोंगर उतरताना

१७४२ च्या उन्हाळ्यात व शरद ऋतूत आन्नाने झिंझेनडॉर्फबरोबर मूळ रहिवाशांच्या मुलखात प्रवास केला. मोहिकन लोकांची शेकोमेको ही वस्ती आणि सस्क्वेहॅना नदीकाठची गावे तिने पाहिली. वाट घनदाट अरण्यातून जात होती. रात्री तंबूत किंवा उघड्यावर काढाव्या लागत. या मुलखाची व भाषांची जाण असलेला दुभाषा कोनराड वाइझर बरोबर होता. मार्टिन मॅक हा सहकारी आणि त्याची पत्नी जानेट हीही काही काळ त्यांच्या समवेत होती. जानेट शेकोमेकोच्या शेजारी वाढलेली असल्यामुळे तिला तेथील भाषा येत असे. स्त्रियांशी त्यांच्याच बोलीत बोलू शकणारी व्यक्ती बरोबर असणे हे अशा कामात किती मोलाचे असते, हे ग्रामीण भागात काम केलेल्या कोणालाही पटेल.

या प्रवासातील एक प्रसंग झिंझेनडॉर्फने स्वतः लिहून ठेवला आहे. एका अतिशय उभ्या डोंगराचा उतार समोर आला. खाली पाहताच पुरुषांचे धैर्य डळमळू लागले. आपल्या मंडळीत आन्नाच सर्वांत धीट, अशी कबुली देऊन तो सांगतो की, तीच पुढे झाली. तिच्या घोडेस्वारीच्या पोशाखाचा मागचा घोळ त्याने हातात धरला, त्याच्या कोटाचे टोक वाइझरने धरले आणि वाइझरचे टोक मागील सहकाऱ्याने. अशा साखळीने ती मंडळी खाली उतरली. सॅक्सनीतील एक सरदार निर्वासिताच्या मुलीच्या वस्त्राचा आधार घेऊन डोंगर उतरतो, हे दृश्य त्या काळच्या उच्चनीचतेच्या कल्पनांना छेद देणारे आहे.

जानेवारी १७४३ मध्ये आन्ना युरोपला परतली. अमेरिकेतील तिचे वास्तव्य जेमतेम दोन वर्षांचे. परंतु तिने हर्नहूटमध्ये घालून दिलेल्या पद्धतीचा साचा बेथलेहेममध्ये रुजला आणि पुढे दीर्घकाळ टिकला.

गटाची रचना

ही पद्धत कशी होती? बालके, मुले, मुली, अविवाहित बंधू, अविवाहित भगिनी, विवाहित दांपत्ये, विधवा आणि विधुर असे गट वस्तीत असत. प्रत्येक गटाचे नेतृत्व त्याच गटातील व्यक्तीकडे असे. स्त्रियांच्या टोपीच्या फितीवरून त्यांचा गट ओळखता येई. अविवाहितांची फीत गुलाबी, विवाहितांची निळी आणि विधवांची पांढरी. विधवेला अपशकुनी मानून कोपऱ्यात न बसवता तिच्याही गटाला स्वतःचे घर, स्वतःची नेती आणि स्वतःचा उत्सव असावा, ही गोष्ट विशेष उल्लेखनीय आहे.

१७४२ ते १७६२ या वीस वर्षांत बेथलेहेमचा संसार सामायिक होता. श्रम सर्वांनी करावयाचे आणि अन्न, वस्त्र, निवारा सामायिक कोठारातून मिळावयाचा. लहान मुले अंगावरून सुटल्यावर सामायिक बालगृहात वाढत. त्यामुळे माताही इतर कामांसाठी मोकळ्या होत. मात्र या व्यवस्थेचा ताण अनेक मातापित्यांना जाणवत असे, हेही नमूद केले पाहिजे. भगिनी सूत कातीत, कापड विणीत, कशिदा काढीत, बागा सांभाळीत, मुलींना शिकवीत. त्यांच्या कशिद्याची ख्याती एवढी होती की, १७७८ मध्ये अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील पोलिश सेनानी पुलास्की याच्या पथकाचे निशाण बेथलेहेमच्या भगिनींनीच तयार केले. गावाच्या सोयींकडेही या लोकांचे दुर्लक्ष नव्हते. टेकडीवरील घरांना पंपाने पाणी पुरविण्याची योजना त्यांनी १७५५ मध्ये अमलात आणली आणि १७६२ मध्ये ती अधिक पक्की केली.

ज्येष्ठेचे काम उपदेशापुरते मर्यादित नव्हते. प्रभुभोजनाच्या विधीपूर्वी ती प्रत्येक भगिनीशी एकांतात बोलत असे. तिच्या मनातील शंका, शेजारणीशी झालेले भांडण, प्रकृतीची तक्रार, घराची आठवण, सारे ऐकून घेत असे. कामाची वाटणी, आजाऱ्यांची शुश्रूषा आणि नव्या मुलींचे शिक्षण हेही तिच्याच देखरेखीखाली चाले.

या सर्वांना एकत्र बांधणारा धागा म्हणजे गाणे. दिवसाची सुरुवात गाण्याने, कामाची लय गाण्याने आणि मृत्यूची वार्ताही वाद्यांच्या स्वरांनी दिली जाई. १७४५ मध्ये बेथलेहेमच्या एका सभेत एकच भक्तिगीत तेरा भाषांत एकाच वेळी गायिले गेल्याची नोंद आहे. त्यांत युरोपीय भाषांप्रमाणेच मोहॉक व मोहिकन या भाषाही होत्या. आन्नाने स्वतः तीसहून अधिक गीते रचली आणि ती पंथाच्या गीतसंग्रहात समाविष्ट झाली. मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांच्या अभंगांनी आणि महदंबेच्या धवळ्यांनी ज्या मराठी मनाचे पोषण केले आहे, त्याला हे वेगळे सांगावयास नको की, सभेत ज्या स्त्रीला बोलण्याची मुभा नसते, ती गाण्यातून बोलते. बंधुसंघाने आन्नाला गाण्याची मुभा दिली आणि बोलण्याचीही.

दुसरी बाजू

तथापि या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे सत्याला धरून होणार नाही. बेथलेहेम ज्या भूमीवर वसले, ती लेनापे लोकांची होती. १७३७ मध्ये वसाहतीच्या मालकांनी एका जुन्या कागदाचा हवाला देऊन दीड दिवसात माणूस जितके चालेल तितकी जमीन मागितली. मग वाट आधीच साफ करून, चपळ माणसे निवडून, चालण्याऐवजी जवळजवळ धावत मोजणी केली आणि प्रचंड मुलूख हडप केला. मोजणीच्या साखळीत लबाडी शिरली म्हणजे गावे कशी उठतात, हे महसुली कामाशी संबंध असलेल्यांना समजावून सांगावयास नको. बंधुसंघाने रीतसर पैसे मोजून जमीन घेतली, परंतु विकणाऱ्याचा हक्कच त्या फसवणुकीवर उभा होता.

बेथलेहेममध्ये काही आफ्रिकी स्त्री-पुरुष गुलाम म्हणूनही होते. भगिनींच्या घरात त्या स्त्रिया इतरांच्या शेजारी राहत, एकाच सभेत गात. मृत्यूनंतर त्यांच्या आणि मूळ रहिवाशांच्या कबरीही इतरांच्या रांगेतच, एकसारख्या सपाट शिळांखाली झाल्या. प्रार्थनेतील समता मालकीच्या कागदापर्यंत मात्र पोहोचली नाही. पुढे ८ मार्च १७८२ रोजी ओहायोतील ग्नाडेनहुटेन येथे या पंथात आलेल्या ९६ निःशस्त्र मूळ रहिवाशांची पेनसिल्व्हेनियाच्या शिबंदीने कत्तल केली. त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया व बालके होती. मारले जाण्यापूर्वी त्यांनी रात्र प्रार्थनेत आणि गाण्यात काढली.

मागे घेतलेला अधिकार

युरोपात परतल्यावरही आन्ना संघाच्या स्त्रियांची प्रमुख राहिली. झिंझेनडॉर्फची पहिली पत्नी एर्डमुथ डोरोथेआ १७५६ मध्ये निधन पावली. २७ जून १७५७ रोजी त्याने आन्नाशी विवाह केला. सरदाराने शेतकऱ्याच्या मुलीशी केलेला हा विवाह काही काळ गुप्त ठेवावा लागला. ९ मे १७६० रोजी झिंझेनडॉर्फ वारला आणि आजारी असलेली आन्ना त्याच्यामागून बाराच दिवसांनी, २१ मे १७६० रोजी, हर्नहूट येथे मरण पावली. तिचे वय ४४ वर्षांचे होते.

झिंझेनडॉर्फच्या अखेरच्या वर्षांत काही स्त्रियांना धर्मोपदेशकाची दीक्षाही देण्यात आली होती. त्या दोघांच्या मृत्यूनंतर मात्र वारे फिरले. स्त्रियांनी कारभारात एवढा भाग घेणे बाहेरच्या समाजाला रुचत नव्हते आणि पंथाला प्रतिष्ठा हवी होती. १७६० नंतरच्या काही वर्षांत भरलेल्या महासभांनी स्त्रियांचे अधिकार एकेक करून कमी केले. जुनी कागदपत्रे चाळून अडचणीची वाटलेली पाने नष्ट करण्यात आली. आन्नाचे नाव राहिले ते बहुतांशी काउंटची दुसरी पत्नी म्हणून. अमेरिकेतील मोरेव्हियन संघात स्त्रीला पुन्हा दीक्षा मिळण्यास १९७५ साल उजाडावे लागले आणि १९९८ मध्ये तेथे पहिली स्त्री बिशप झाली.

तरीही सारेच पुसले गेले नाही. प्रत्येक सभासदाने आपले आत्मवृत्त लिहावे आणि ते त्याच्या अंत्यविधीच्या वेळी वाचले जावे, अशी या पंथाची चाल होती. आन्नाने तरुण वयातच आपले वृत्त लिहिले होते. बेथलेहेमच्या दप्तरखान्यात शेकडो सामान्य स्त्रियांची अशी आत्मवृत्ते जतन झाली आहेत. त्यांत विणकरीण आहे, विधवा आहे, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पळवून आणलेली स्त्रीही आहे. अलीकडच्या दशकांत अभ्यासकांनी ही पाने वाचली, तेव्हा आन्नाचे कर्तृत्व पुन्हा प्रकाशात आले. गावाच्या दप्तराची एक ओळ शंभर-दोनशे वर्षांनी कोणाला न्याय देईल, हे आज सांगता येत नाही. म्हणूनच दप्तर जपावयाचे असते.

भारताशी दुवा

या पंथाचा भारताशीही संबंध आहे. १७६० मध्ये, आन्ना वारली त्याच वर्षी, तामिळ किनाऱ्यावरील डॅनिश वसाहत तरंगंबाडी येथे मोरेव्हियन बंधू येऊन पोहोचले. हवामान व रोगराई यांमुळे ती वस्ती टिकली नाही. १८५६ मध्ये मात्र हिमालयातील लाहौलमध्ये केलाँग येथे त्यांचे केंद्र सुरू झाले आणि १८८५ मध्ये लेह येथे. सुरिनाममध्ये जन्मलेल्या मारिया हाइडे १८५९ मध्ये केलाँगला आल्या. त्यांनी तेथील स्त्रियांना लोकरीचे विणकाम शिकविले. लाहौलच्या स्त्रियांनी त्यात आपले रंग व आपली नक्षी ओतली. लाहौली मोजे व हातमोजे यांना आज भौगोलिक मानांकन लाभले आहे. भगिनींच्या घरातील विणकामाची परंपरा अशी एका डोंगरी मुलखातील स्त्रियांच्या हातची कमाई बनली.

जुलै २०२४ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात हर्नहूट आणि बेथलेहेम या दोन्ही गावांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. आन्नाच्या आयुष्याची ही दोन टोके एकाच नोंदीत बांधली गेली, तीही भारतभूमीवर.

सोडत आणि पात्रता

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. गावाचे सरपंचपद स्त्रीकडे जावयाचे की नाही, हे पुष्कळदा आरक्षणाच्या सोडतीत ठरते आणि काल चुलीपुढे बसलेली स्त्री आज खुर्चीवर बसते. अशा वेळी 'हिला काय समजते?' हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो आणि 'तुम्ही सही करा, बाकीचे आम्ही पाहतो' असे सांगणारे पुरुषही भेटतात. हर्नहूटमध्येही हेच घडत होते. सर्वांत ज्ञानी पुरुषाने मुलीला पद नाकारावयास सुचविले होते. तिने ते नाकारले नाही, आणि सात आठवड्यांत आपल्या सतरा सोबतिणी गोळा केल्या.

त्यातील बोध दुहेरी आहे. पद चिठ्ठीने येते, परंतु त्याला बळ येते ते सोबतिणींच्या गटामुळे. महिला मंडळ असो, बचत गट असो वा भजनी मंडळ असो, अशा गटाचा आधार असलेली सरपंच एकटी पडत नाही. आणि दुसरे असे की, एका व्यक्तीच्या मर्जीवर उभा असलेला अधिकार त्या व्यक्तीबरोबर मावळतो. झिंझेनडॉर्फ गेला आणि भगिनींचे अधिकार गेले. जे कायद्यात लिहिले जाते, मुलींच्या शाळेत रुजते आणि गावाच्या दप्तरात नोंदले जाते, तेच टिकते. आन्नाचे पद टिकले नाही, परंतु बेनिग्नाच्या हातून उघडलेली आणि आन्नाचा हातभार लागलेली ती २५ मुलींची शाळा पावणेतीनशे वर्षांनंतरही चालू आहे.